आइसलंडच्या वादक मुली आणि अंदाजपत्रकातली एक ओळ

फेब्रुवारी २०२० मध्ये हिल्दुर गुद्नादोत्तिर या आइसलंडच्या संगीतकार बाईला 'जोकर' चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी 'चर्नोबिल' मालिकेच्या संगीताबद्दल ग्रॅमी, आणि २०१९ मध्ये त्याच मालिकेसाठी एमी. चित्रपटसंगीताच्या ऑस्करचे वेगवेगळे विभाग मोडून एकच पारितोषिक ठेवल्यानंतर ते मिळवणारी ती पहिली स्त्री. मग नेहमीसारखं लिखाण सुरू झालं. चिमुकला बर्फाळ देश, त्यातली एक मुलगी, पाचव्या वर्षी हातात चेलो, आणि तिची अचाट प्रतिभा!

मैत्रिणींनो, हिल्दुरचं कौतुक कमी करायचं नाही. ती मोठीच कलावंत आहे. पण एका बाईला देव्हाऱ्यात बसवलं की बाकीच्या बायकांबद्दल काही विचारायची गरज उरत नाही, हा अनुभव आपल्या चळवळीला जुना आहे. म्हणून या लेखात प्रतिभा थोडी बाजूला ठेवते. मला संगीतातलं फारसं कळत नाही. माझं शिक्षण समाजकार्यातलं. पण खर्चाचा ताळेबंद वाचायला त्या शिक्षणानं शिकवलं, आणि आइसलंडच्या संगीताची खरी गोष्ट मला तिथेच सापडली.

तत्पूर्वी नावाबद्दल दोन वाक्यं, कारण हा आपल्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. 'गुद्नादोत्तिर' म्हणजे गुद्नीची मुलगी. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे 'मुलगा' नाहीतर 'मुलगी' लावतात आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. (आपल्याकडे लग्नानंतरच्या नावावरून किती घरांत रामायण घडलं, ते आठवा!) अर्थात तिथेही बहुतेकींच्या नावात बापच असतो, आई क्वचित.

तर, हा देश केवढा? लोकसंख्या चार लाखांच्या आत. म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षाही कमी माणसं. एवढ्याशा लोकांतून हिल्दुर आली. आन्ना थोर्वाल्दस्दोत्तिर आली, जिला २०१२ साली नॉर्डिक देशांचा संगीत पुरस्कार मिळाला आणि जिची 'मेटाकॉसमॉस' ही रचना २०१८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं पहिल्यांदा वाजवली. अवजड डबल बेस वाजवणारी आणि स्वतःची संगीतरचना करणारी बाउरा गीस्लादोत्तिर आली. पुरुषांत व्हिकिंगुर ओलाफ्सॉन हा पियानोवादक आहे, त्याला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याची आई पियानो शिकवते, हे मुद्दाम नोंदवून ठेवते. हिल्दुरची आईसुद्धा ऑपेराची गायिका.

संगीत या लोकांच्या रक्तातच आहे, असं कुणी म्हणालं तर मानू नका. युरोपातली वाद्यवृंदाची परंपरा व्हिएन्ना-लाइपझिगला शतकानुशतकं होती, आइसलंडला नव्हती. मासेमारी आणि मेंढ्यांवर जगणारा, डेन्मार्कच्या ताब्यातला हा गरीब मुलूख. रेक्याविकचं संगीतविद्यालय निघालं ते १९३० साली. सरकारी सिम्फनी वाद्यवृंद १९५० सालचा. त्याला स्वतःचं असं सभागृह, समुद्रकाठचं 'हार्पा', मिळालं २०११ मध्ये. तोवर कितीतरी वर्षं हा राष्ट्रीय वाद्यवृंद विद्यापीठाच्या चित्रपटगृहात वाजवत होता. रक्तात असतं तर एवढा उशीर कशाला झाला असता?

खरं कारण रुक्ष आहे. संगीतशाळांना सार्वजनिक पैसा देण्याचा कायदा तिथे १९६० च्या दशकापासून आहे, आणि १९८५ च्या कायद्यानं त्याला आजचं रूप दिलं. मुख्य कलम असं, की मान्यताप्राप्त संगीतशाळेतल्या शिक्षकांचा आणि मुख्याध्यापकांचा पगार सार्वजनिक तिजोरीतून द्यायचा. आता ती जबाबदारी नगरपालिकांची आहे. पालकांच्या फीमधून शाळेचा उरलेला खर्च भागतो. कोळ्यांच्या एखाद्या लहानशा गावातसुद्धा संगीतशाळा असते, ती या पगाराच्या ओळीमुळे. अशा गावात बऱ्याचदा एकच माणूस चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, गावाचा गायकवृंद बसवतो आणि शाळेत मुलांना पियानोही शिकवतो. कितीतरी ठिकाणी हा माणूस किंवा ही बाई हंगेरीतून, पोलंडमधून किंवा एस्टोनियातून आलेली असते.

मूल सहा-सात वर्षांचं झालं की आधी गटात बासरीसारखं सोपं वाद्य आणि सूर-ताल. मग स्वतःचं वाद्य निवडायचं आणि आठवड्याला शिक्षकासमोर एकट्यानं बसून शिकायचं. प्राथमिक, मध्यम आणि उच्च अशा तीन परीक्षा असतात. परीक्षक शाळेबाहेरचा असतो, म्हणजे गुरूची मर्जी सांभाळण्यावर सगळं अवलंबून राहत नाही.

हे मी एवढ्या तपशिलानं का लिहिते? शिकवणीचा सगळा खर्च घरानं करायचा असतो तेव्हा कुणाला शिकवायचं हे घर ठरवतं. आणि घर कसं ठरवतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. 'हिला शिकवून पुढे उपयोग काय?' हा प्रश्न मुलीच्याच वाट्याला येतो. शिक्षकाचा पगार नगरपालिका देते तेव्हा या प्रश्नाची धार बोथट होते. मुलीनं आपण असामान्य आहोत हे आधी सिद्ध करायचं, मग कुणीतरी दयाळू माणूस तिला शिष्यवृत्ती देणार, असा हा मामला नाही. साधारण बुद्धीची, आळशी, पुढे वाद्य सोडून देणारी मुलगीही तिथे शिकते. त्या शेकडो साधारण मुलींमुळेच गावात शिक्षक टिकतो, आणि त्या शिक्षकाकडे एखादी आन्ना येते. आन्ना बोर्गार्नेस नावाच्या लहान गावात वाढली.

आता हे शिक्षक तरी आले कुठून? काही आइसलंडचेच लोक परदेशी शिकून परतले. पण पायाभरणीच्या काळात हिटलरच्या तावडीतून सुटून आलेल्या मंडळींचा वाटा फार मोठा होता. व्हिक्टर उर्बान्चिच, रॉबर्ट अब्राहम, हाइन्झ एडेलश्टाइन ही नावं तिथल्या संगीताच्या इतिहासात आदरानं घेतात, आणि ते योग्यच आहे. एडेलश्टाइननं रेक्याविकमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. पण उर्बान्चिच १९३८ मध्ये ऑस्ट्रियातून का निघाला? तो ज्यू नव्हता. त्याची बायको मेलिट्टा ज्यू कुटुंबात जन्मलेली. ती नटी होती, हायडेलबर्गची डॉक्टरेट घेतलेली होती, कविता लिहायची. रेक्याविकमध्ये नवऱ्याला विद्यालय होतं, वाद्यवृंद होता, पुढे राष्ट्रीय रंगभूमी होती. जर्मनमध्ये अभिनय करणाऱ्या बाईला तिथे काय काम? तिनं मुलं वाढवली, भाषांच्या शिकवण्या केल्या, मूर्ती घडवल्या आणि त्या थंड बेटावर मधमाश्या पाळल्या. निर्वासितपणात लिहिलेल्या तिच्या कविता पुस्तकरूपानं निघाल्या २०१४ मध्ये. तिला जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. संगीताच्या इतिहासात मेलिट्टाला जागा नाही, कारण ती संगीतकार नव्हती. मला वाटतं, तिच्या घरकामाची नोंद त्या विद्यालयाच्या खर्चाच्या वहीत व्हायला हवी होती.

आता जी संगीतकारच होती तिच्याकडे वळू. योरुन विदार, जन्म १९१८. आई पियानो शिकवायची. योरुन रेक्याविकच्या विद्यालयात शिकली, १९३७ ते ३९ बर्लिनला होती, आणि युद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या जुलिअर्डमध्ये दोन वर्षं संगीतरचना शिकली. म्हणजे शिक्षणात कुठल्याही पुरुषापेक्षा तसूभर कमी नाही. परत आल्यावर १९५० या एकाच वर्षात तिनं आइसलंडच्या पहिल्या बॅलेचं संगीत रचलं आणि त्याच वर्षी आलेल्या 'सिदास्ती बाइरिन इ दाल्नुम' या चित्रपटाचंही. हिल्दुरच्या ऑस्करची बातमी देताना किती जणांना योरुनची आठवण झाली, कोण जाणे! आइसलंडमधली चित्रपटसंगीताची वाट सत्तर वर्षांपूर्वी एका बाईनंच पाडली होती.

आणि तरी? आइसलंडच्या संगीतकारांच्या संघटनेत योरुन सुमारे वीस वर्षं एकटीच बाई सभासद होती. तीन मुलांची आई असलेली ही बाई गायकांना साथ करायची, शिकवायची. तिच्या रचनांत गाणी पुष्कळ, पियानोसाठी लहान रचना पुष्कळ, आज्या नातवंडांना म्हणून दाखवत तसल्या जुन्या लोकरचनांचा आधार पुष्कळ. पूर्ण वाद्यवृंदासाठीचं काम मात्र मोजकं. तिचा पियानो कॉन्चेर्तो आला १९७७ मध्ये, ती साठीला टेकली तेव्हा. बायकांचा पिंडच लहान, नाजूक रचनांचा, असं यावर म्हणायची सोय आहे. मी म्हणेन, गाणं रचायला घरातला पियानो आणि ओळखीची गायिका पुरते. सिम्फनी रचायला कुणीतरी आधी म्हणावं लागतं की, बाई, तुम्ही लिहा, आम्ही ऐंशी वादक बसवून ते वाजवू. असं म्हणण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता ते पुरुष होते.

याच्या उलट चित्रही त्याच गावात दिसतं. गुद्नी गुद्मुंड्सदोत्तिर ही व्हायोलिनवादक रेक्याविकच्या विद्यालयात शिकली, मग अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून परतली. १९७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ती आइसलंड सिम्फनी वाद्यवृंदाची कॉन्सर्टमास्टर झाली, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीत बसून सगळ्या वादकांचं नेतृत्व करणारी. या खुर्चीत ती २०१० पर्यंत बसली. याचं महत्त्व कळायला बाहेर पाहावं लागेल. बर्लिन फिलहार्मोनिकनं पहिली स्त्री वादक घेतली १९८२ मध्ये. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध वाद्यवृंदानं बाईला सभासद करून घेतलं १९९७ मध्ये, तेही चहूकडून टीका झाल्यावर. बर्लिनमध्ये कॉन्सर्टमास्टरच्या जागी पहिली बाई आली २०२३ साली! ज्या बर्लिनला आइसलंडची मुलं डोळे विस्फारून शिकायला जायची, ते बर्लिन या बाबतीत रेक्याविकच्या एकोणपन्नास वर्षं मागे राहिलं.

आइसलंडचे पुरुष जर्मनीच्या पुरुषांपेक्षा उदार होते का? मला शंका आहे. बर्लिनकडे निवड करायला जगभरचे पुरुष रांगेत उभे होते. लहान देशाला अर्धी माणसं घरी बसवून वाद्यवृंद चालवणं परवडणारं नव्हतं. शिवाय ही पगाराची, ठरावीक कामाची जागा होती. वाजवून दाखवलं की कळतं, येतं की नाही. शाळा, परीक्षा, कर्ज आणि नोकरी असे दरवाजे जिथे नियमानं उघडत होते तिथून बाई आत आली. विद्यार्थ्यांना देशात आणि परदेशात शिकायला सरकारी फंड कर्ज देतो, मूल असेल तर जास्त देतो. २०२० च्या कायद्यानं वेळेत शिक्षण पुरं करणाऱ्यांचं तीस टक्के कर्ज माफ होऊ लागलं. मात्र कुणाची रचना वाजवायची आणि वाद्यवृंदापुढे काठी घेऊन कुणी उभं राहायचं, हे मर्जीनं, ओळखीनं, 'त्याचं नाव आहे' म्हणून ठरत होतं. तिथे बाईला वाट पाहावी लागली. थोडक्यात, वाजवायला बाई चालली, ठरवायला चालली नाही. वाद्यवृंद निघाला १९५० मध्ये. त्याच्या मुख्य संचालकपदी पहिली स्त्री, फिनलंडची एवा ओल्लिकाइनेन, आली २०२० मध्ये. मध्ये सत्तर वर्षं! तिच्यानंतर त्या जागेसाठी पुन्हा एका बाईचीच, कॅनडाच्या बार्बरा हॅनिगनची, निवड झाली. ही गोष्ट चांगलीच आहे.

ही तीच आइसलंड, जिथे २४ ऑक्टोबर १९७५ रोजी नव्वद टक्के बायकांनी घरचं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं. (त्याच वर्षी त्याच महिन्यात पुण्यात आपल्याकडची स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली होती.) १९८० मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. जागतिक आर्थिक मंचाच्या समानतेच्या यादीत हा देश २००९ पासून सलग पहिला येतो. या यादीच्या कौतुकाचाही मला थोडा कंटाळाच आहे. पहिला नंबर आलेल्या वर्गातसुद्धा बाकावर कोण बसलंय आणि खाली कोण बसलंय, हे पाहावं लागतं.

उदाहरणार्थ, संगीतशिक्षक. ज्या पगाराच्या ओळीवर हा सगळा डोलारा उभा आहे ती ओळ किती जाडीची? २०१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या संगीतशिक्षकांनी पाच आठवडे संप केला. मागणी एवढीच, की इतर शिक्षकांच्या बरोबरीनं पगार द्या. मुलांना वाद्य शिकवणं हे 'खरं' शिकवणं नव्हे, आवडीचं काम आहे, मग पैसे कमी चालतील, असा समज तिथेही आहे. अंगणवाडीच्या आंदोलनात हा सूर आपण ऐकलेला आहे. त्या आधी २००८ च्या बँकबुडीनंतर रेक्याविकनं संगीतशाळांच्या पैशाला कात्री लावली होती. वरच्या परीक्षांच्या मुलांचा खर्च कुणी करायचा यावरून सरकार आणि शहर वर्षानुवर्षं भांडत राहिले, मोठ्या शाळा अडचणीत आल्या, आणि शेवटी २०१७ मध्ये दोन जुन्या शाळांतून संगीताचं एक माध्यमिक विद्यालय उभं करावं लागलं. चमत्कार म्हणून जगभर मिरवायचं ते असं रखडतखुरडत चालत आलेलं आहे.

शिकून झाल्यावर काय? पूर्ण पगाराचा व्यावसायिक वाद्यवृंद देशात एकच, आणि त्यात जागा शंभराच्या आत. बाकीच्यांनी तुकडे जोडून पोट भरायचं. संगीतशाळेत काही तास, चर्चमध्ये काही, गायकवृंद, आणि अंत्यविधीला गाणं-वाजवणं. हो, अंत्यविधी हे तिथल्या गायकांचं आणि ऑर्गनवादकांचं नेहमीचं, विश्वासाचं उत्पन्न आहे. कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, पण ते महिन्यांच्या हिशेबानं वाटलं जातं आणि दरवर्षी त्यासाठी नव्यानं अर्ज करावा लागतो. पालकत्वाची रजा त्या देशात उत्तम आहे. २०२१ पासून आईला सहा महिने आणि बापाला सहा महिने. पण रजेतला भत्ता आधीच्या कमाईच्या ऐंशी टक्के. ज्या चेलोवादक बाईची आधीची कमाईच तुकड्यातुकड्यांची, तिचे ऐंशी टक्के किती होतील, हे तुम्हीच काढा.

अशा तुकड्यांच्या कामात हक्क मागायला किती धीर लागतो, हे थोरा एइनार्सदोत्तिरच्या खटल्यावरून दिसतं. ही तिथली नामवंत सोप्रानो गायिका. २०१९ मध्ये आइसलंडच्या ऑपेरा संस्थेनं मोझार्टचा 'फिगारोचं लग्न' बसवला, त्यात ती होती. कराराच्या तासांपेक्षा जास्त काम घेतलं आणि त्याचे पैसे दिले नाहीत, असं तिचं म्हणणं. संगीतकारांच्या युनियनचा संस्थेशी करार होता, त्यावर बोट ठेवून ती न्यायालयात गेली. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयात हरली. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात जिंकली. एवढ्याशा देशात, जिथे ऑपेरा बसवणारे सगळे एकमेकांना ओळखतात आणि पुढचं काम त्यांच्याकडूनच यायचं असतं, तिथे हे करणं सोपं नव्हतं. तिची रक्कम फार मोठी नव्हती. पण जादा तासांचे पैसे मागणारी प्रत्येक गायिका आता त्या निकालाकडे बोट दाखवू शकते. मला हे ऑस्करइतकंच मोठं वाटतं, आणि याची बातमी मात्र आपल्यापर्यंत कुणी आणत नाही.

एक प्रश्न अजून कुणी पुरेसा विचारलेला मला दिसत नाही. आज आइसलंडमधल्या दर सहा माणसांत एकाहून अधिक जण बाहेरून आलेले आहेत. त्यांत सगळ्यात मोठा गट पोलिश लोकांचा. मासळीच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या खोल्या साफ करण्यात यांतल्याच कितीतरी बायका आहेत. रेक्याविकच्या संगीतशाळांना प्रतीक्षायाद्या असतात. यादीत नाव लावायचं कधी, हे माहीत असायला घरात कुणीतरी त्या शाळेत शिकलेलं असावं लागतं. शिक्षकाचा पगार नगरपालिका देते, पण वाद्याचं भाडं आणि उरलेली फी घरालाच द्यावी लागते. तिथल्या स्त्रीसंघटनांनी आणि संगीतशिक्षकांच्या युनियननं मिळून एकदा या याद्या तपासाव्यात. हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या बाईची मुलगी त्यांत कुठे आहे, तिला कुठलं वाद्य हवं होतं, आणि तिचा नंबर लागेपर्यंत ती किती वर्षांची झाली, हे कागदावर यायला हवं.